श्रमजीवी कुटुंबाचा पूर्वेतिहास : दप्तरातील नोंदींचा मागोवा

राजघराणी, सरदार, इनामदार व देशमुख-देशपांडे यांच्या वंशावळी आपल्याकडे मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. सनदा, महजर, निवाडपत्रे आणि इनामांच्या चौकशीचे कागद यांतून अशा घराण्यांच्या दहा-दहा पिढ्यांची नावे लागतात. वतनावरील हक्क सिद्ध करण्यासाठी वंशावळ सादर करावी लागत असे, हे त्याचे मुख्य कारण होय. ज्यांच्याजवळ सांभाळण्यासारखे वतन नव्हते, त्या शेतमजुरांची, कुळांची, कारागिरांची आणि गिरणी कामगारांची वंशावळ मात्र कोणी लिहून ठेवली नाही. यामुळे कष्टकरी कुटुंबाला पूर्वेतिहासच नसतो, अशी एक चुकीची समजूत रूढ झाली आहे.

वास्तविक हा इतिहास नाहीसा झालेला नाही. तो निरनिराळ्या दप्तरांत विखुरलेला आहे. सारा वसूल करणे, शाळेत मुलाचे नाव घालणे, मृत्यूची वर्दी देणे, हजेरी मांडणे अशा दैनंदिन कामासाठी तलाठी, मुख्याध्यापक, कोतवाल व गिरणीतील कारकून यांनी केलेल्या नोंदी हीच या कुटुंबांची बखर आहे. मुंबईच्या गिरणगावातील एका कोकणी कुटुंबाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून हा मागोवा कसा घ्यावा, कोणते कागद कोठे मिळतात आणि ते कसे वाचावेत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

शोधाची आज निकड का?

पूर्वजांविषयी कुतूहल असणे स्वाभाविकच आहे. तथापि आज हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गाच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. म्हणजे आज महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलीला बहुधा आपल्या आजोबांची किंवा पणजोबांची नोंद शोधावी लागते.

गिरणी कामगारांच्या घरांच्या योजनेचेही असेच आहे. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस या योजनेस पात्र मानले गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारो कुटुंबे गावी परतली. अनेक गिरण्या बंद पडल्या. कामगार निवर्तले. अशा वेळी वडील अमुक गिरणीत कामाला होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मुलांवर किंवा वृद्ध पत्नीवर येऊन पडते. ज्या घरात जुना पास जपून ठेवला होता, त्या घराचे काम सुकर झाले. ज्या घरात तो नव्हता, तेथे वर्षानुवर्षे हेलपाटे नशिबी आले.

आरंभ घरातून करावा

शोधाचा पहिला नियम असा की, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. आधी घरातील वडीलधाऱ्या माणसांशी बोलून किमान तीन पिढ्यांची नावे, गाव, वाडी, कुलदैवत, माहेरचे गाव आणि चाळीचा पत्ता लिहून घ्यावा. आठवणीत सन चुकतो, पण प्रसंग सहसा चुकत नाही. ‘प्लेगाच्या साथीत आजोबा गावी आले’ असे कोणी सांगितले, तर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला व लोक मोठ्या संख्येने शहर सोडून गेले, हे ध्यानी घेऊन पुढील दहा-पंधरा वर्षांचे दप्तर पाहता येते. १९१८ ची इन्फ्ल्यूएन्झाची साथ, स्वातंत्र्यप्राप्ती, १९६७ चा कोयनेचा भूकंप या घटना अशाच कालनिश्चितीच्या खुणा होत.

ट्रंकेतील जुने कागदही पाहावेत. भाड्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, मनिऑर्डरीच्या पावत्या, शिधापत्रिका आणि विम्याची कार्डे यांवर नाव, पत्ता व तारीख एकत्र मिळते. मुंबईत कोकणातील व देशावरील अनेक गावांच्या गावकीच्या खोल्या होत्या. तेथे राहणाऱ्या गावकऱ्यांच्या वर्गणीच्या वह्या काही ग्रामस्थ मंडळांनी आजही जपल्या आहेत. त्याही दुर्लक्षू नयेत.

गिरणीचे कागद

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी केली. पुढील काळात रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर इत्यादी जिल्ह्यांतून मजुरांचा ओघ मुंबईकडे लागला. भरती जॉबरमार्फत होत असे आणि जॉबर बहुधा आपल्याच गावची, भावकीतली माणसे आणीत असे. त्यामुळे एकाच खात्यात एकाच पंचक्रोशीतील कामगार आढळतात. मूळ गावाचा ठाव लागत नसेल, तर आजोबांबरोबर काम करणाऱ्यांचे गाव कोणते, याची चौकशी उपयोगी पडते.

कामगाराला तिकीट नंबर असे. साचे खाते, त्रासन खाते, वाइंडिंग खाते असा खात्याचा उल्लेख आणि हा नंबर या दोहोंवरून हजेरीपटातील माणूस ओळखता येतो. ओळखपत्र, लाल पास, रजेची नोंदवही, पगाराची पावती, सेवा प्रमाणपत्र आणि उपदानाचा आदेश हे कागद यात मोडतात. गिरणी बंद झाली असली तरी सर्व वाटा बंद होत नाहीत. कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ चा आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा आहे. या योजनांखालील क्रमांक हाती असेल, तर त्या कार्यालयांच्या अभिलेखांतून नोकरीचा पुरावा मिळू शकतो. पात्रतेच्या कागदांमध्ये या दोन्ही क्रमांकांचा समावेश आहे.

गिरणीच्या कागदांत वयाची नोंद मात्र सावधपणे स्वीकारावी. जन्मतारखेचा दाखला नसल्याने भरतीच्या वेळी वय अंदाजाने लिहिले जाई. कामगाराच्या हयातीतील तीन कागदांत तीन वये आढळणे हे असामान्य नाही.

शाळेची सर्वसाधारण नोंदवही

गिरणीतून गावाकडे जाणारा सर्वांत भक्कम दुवा म्हणजे प्राथमिक शाळेची सर्वसाधारण नोंदवही, म्हणजेच जनरल रजिस्टर. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख व कारण हे सारे एका ओळीत मिळते. ही नोंदवही कायमस्वरूपी जतन करावयाची असते.

तिचे महत्त्व एका सुप्रसिद्ध उदाहरणाने स्पष्ट होईल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका मुलाने प्रवेश घेतला. पटावर त्याचे नाव ‘भिवा’ असे असून नोंदवहीतील त्याचा क्रमांक १९१४ आहे. हाच विद्यार्थी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नावाने जगद्विख्यात झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ होते आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे. शाळेने ही नोंद जपून ठेवली. २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. एका ओळीची नोंद किती मोलाची असते आणि नाव व आडनाव एका पिढीत कसे बदलू शकते, या दोन्ही गोष्टी या उदाहरणावरून लक्षात याव्यात.

शाळेतील जन्मतारखेबाबतही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पूर्वी शाळेत नाव घालताना पालकांना तारीख सांगता येत नसे. मग गुरुजी अंदाजाने १ जून ही तारीख लिहीत. त्यामुळे १ जून ही नोंद दिसल्यास वर्ष साधारण बरोबर मानावे, दिवस मात्र नव्हे.

कोतवाल बुक

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ मध्ये संमत झाला. त्यानंतर ग्रामीण भागात ही नोंदणी ग्रामपंचायतीकडे स्थिरावली. त्यापूर्वीची गावातील जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये मिळते. लोकव्यवहारात तिला कोतवाल बुक म्हणतात. या नोंदी बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. त्यांत बापाचे नाव, जात, मृत्यूचे कारण अशी माहिती असते. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव नसते. ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेच लिहिलेले असते. अशा वेळी बापाचे नाव, जन्माचा क्रम आणि शाळेतील वर्ष यांची सांगड घालावी लागते.

गिरणी कामगारांच्या बाबतीत येथे एक महत्त्वाची सूचना करावीशी वाटते. कामगार मुंबईत राबत असला तरी त्याची पत्नी बाळंतपणासाठी सहसा माहेरी जात असे. म्हातारपणी कामगार स्वतः गावी परतत असे. परिणामी मुलाचा जन्म आजोळच्या दप्तरात, बापाचा मृत्यू मूळ गावाच्या दप्तरात आणि मधली तीस-पस्तीस वर्षे मुंबईच्या कागदांत, अशी त्या कुटुंबाची तीन ठिकाणी वाटणी झालेली असते. केवळ वडिलांच्या गावचे दप्तर चाळून ‘नोंद आढळत नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच योग्य नव्हे. आजोळचे गाव विचारणे ही शोधातील आवश्यक पायरी मानावी.

जमिनीची दप्तरे आणि भूमिहीन

ज्यांच्या नावावर जमीन होती, त्यांच्यासाठी सातबारा, फेरफार नोंदवही (गाव नमुना ६) आणि वारस नोंदवही (गाव नमुना ६-क) ही साधने आहेत. मृत खातेदाराच्या जागी वारसांची नावे लागताना जो फेरफार होतो, तो दोन पिढ्यांना जोडतो. जुन्या फेरफारांची साखळी मागे नेली असता हक्कनोंदणीच्या आरंभापर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांपर्यंत जाता येते.

परंतु भूमिहीनांचे काय? त्यांचेही नाव जमिनीच्या दप्तरात अनेकदा असते, मात्र ते मालकाच्या रकान्यात नसते. कोकणात खोती गावांतील कुळांच्या नोंदी ‘बोटखत’ या कागदांत आढळतात. खोती पद्धत १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. तत्पूर्वीच्या पिढ्यांसाठी हे कागद मोलाचे आहेत. १९४८ च्या कुळकायद्यानुसार आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाच्या निमित्ताने झालेल्या चौकश्यांत कसणाऱ्या कुळांची नावे, जबाब आणि वारस यांची नोंद झाली. गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली, पण त्यापूर्वीच्या वतन नोंदवह्यांत महार व रामोशी कुटुंबांच्या पिढ्या नोंदलेल्या सापडतात. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक आणि विदर्भात त्याच काळातील अधिकार अभिलेख पाहावेत.

जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या सीमा बदलल्या आहेत, हेही विसरू नये. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गाव १९८१ पूर्वी रत्नागिरीत होते. रायगडचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळे झाले. सावंतवाडीसारख्या संस्थानातील गावांचे जुने दप्तर वेगळ्या व्यवस्थेखाली तयार झालेले आहे. शोधावयाच्या वर्षी गाव कोणाच्या अमलाखाली होते, हे आधी निश्चित करावे.

मोडी लिपी व जुनी कालगणना

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या बहुतेक ग्रामदप्तराची लिपी मोडी आहे. तीत आडनाव क्वचितच येते. ‘धोंडू बिन राघू’ म्हणजे राघूचा मुलगा धोंडू आणि ‘सखू कोम धोंडू’ म्हणजे धोंडूची पत्नी सखू. ‘मयत’ या शब्दावरून व्यक्ती निधन पावल्याचे कळते. आडनाव नसल्याने एकाच नावाची दोन माणसे एका गावात निघतात. त्यांना वेगळे करण्यासाठी बापाचे नाव, जात, वाडी आणि शेताचे नाव यांचा आधार घ्यावा लागतो.

सन कोणता, याकडेही लक्ष द्यावे. शकाच्या अंकात ७८ मिळविल्यास साधारणपणे इसवी सन मिळतो. फसली सनात ५९० आणि शुहूर सनात ५९९ मिळवावेत. वर्षारंभ वेगवेगळ्या महिन्यांत असल्याने एका वर्षाचा फरक संभवतो.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची कार्यालये मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे असून पुण्यातील पेशवे दप्तर सर्वपरिचित आहे. संचालनालयातर्फे मोडी लिपीचे प्रशिक्षण वर्गही घेतले जातात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दप्तरे तपासण्यात आली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज सर्वत्र प्रकर्षाने जाणवली. ग्रामीण भागातील शिक्षकांनी ही लिपी आत्मसात केल्यास गावाची मोठी सेवा घडेल.

स्त्रियांची नावे

या सर्व दप्तरांत सर्वांत दुर्लक्षित राहिली ती स्त्री. शाळेच्या पटावर आईचे नाव फार उशिरा आले. जमिनीच्या दप्तरात स्त्री बहुधा पतीच्या निधनानंतर वारस म्हणून दिसते. विवाहानंतर तिचे नावही अनेकदा बदललेले असते, त्यामुळे माहेरची आणि सासरची नोंद एकाच स्त्रीची आहे, हे सहज लक्षात येत नाही. तथापि गिरण्यांच्या वाइंडिंग व रीलिंग खात्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती आणि तेथे त्यांची हजेरी त्यांच्या स्वतःच्या नावाने मांडली जात असे. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूति-लाभाचा कायदा झाला. कष्टकरी घरातील आजीचे नाव शेताच्या किंवा शाळेच्या नोंदीत न मिळता गिरणीच्या कागदात मिळू शकते, ही बाब उल्लेखनीय आहे.

समुद्रापार गेलेले

काही कुटुंबांचा मागोवा मुंबई बंदरावरून पुढे जातो. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मुंबईहून मॉरिशसला गेलेल्यांमध्ये मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आज तेथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात. आप्रवासींच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. त्यांत क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा व गाव यांची माहिती असून पुढील काळातील अनेक नोंदींबरोबर छायाचित्रेही आहेत. मजुरांवर नियंत्रण ठेवण्यासाठी केलेली ही नोंद आज त्यांच्या वंशजांना मूळ गावाची वाट दाखविते. तेथून येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती गावाचे नाव असते आणि त्यापुढील दुवा आपल्याच गावच्या दप्तरात शोधावा लागतो.

जनगणनेवर भिस्त नको

ब्रिटनमध्ये घरोघरीच्या जनगणनेचे तक्ते शंभर वर्षांनी जनतेला खुले होतात आणि तेथील कामगार कुटुंबांना पूर्वज शोधण्यास त्यांचा मोठा उपयोग होतो. आपल्याकडे तशी सोय नाही. १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार व्यक्तिगत माहितीचे तक्ते पाहण्यास खुले नसतात. म्हणून आपली सारी मदार गाव, शाळा व कारखाना यांच्या नोंदवह्यांवर आहे.

दोन पुराव्यांचा दंडक

कोणतीही कडी एकाच कागदावर जोडू नये. बाप आणि मुलगा यांचे नाते किमान दोन स्वतंत्र नोंदींनी सिद्ध व्हावे. उदाहरणार्थ, शाळेच्या नोंदवहीत ‘बाळू’ आणि गिरणीच्या पासावर ‘बाळकृष्ण’ असे नाव असेल, तर गाव, बापाचे नाव आणि वय या तीन गोष्टी जुळतात का, हे पाहावे. जुळत नसल्यास मोह टाळून शोध पुढे चालू ठेवावा. लाभाच्या आशेने मूळ नोंदीत फेरबदल करण्याचे प्रकार घडतात. निराळी शाई, खाडाखोड, दोन ओळींमध्ये घुसविलेला मजकूर यांवरून ते उघडकीस येतात आणि मग त्या कुटुंबाच्या खऱ्या नोंदींवरही संशयाचे सावट पडते.

दप्तर सांभाळणाऱ्यांचे उत्तरदायित्व

राज्यात सार्वजनिक अभिलेखांच्या जतनासाठी २००५ चा अधिनियम आहे. महसुली कागदांचे संगणकीकरण झाले असून अनेक जिल्ह्यांतील जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. असे असले तरी शाळेच्या कपाटातील व पंचायतीच्या माळ्यावरील नोंदवह्यांची काळजी शेवटी तेथील माणसालाच घ्यावयाची आहे.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. नोंदवह्या ओलाव्यापासून व वाळवीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवाव्यात. त्यांची वर्षवार यादी करून ती दर्शनी भागी लावावी. जीर्ण वहीची छायाप्रत काढून दैनंदिन कामासाठी ती वापरावी व मूळ वही बंद ठेवावी. पदभार सोपविताना नोंदवह्या मोजून द्याव्यात व घ्याव्यात. शाळा बंद अथवा विलीन झाल्यास तिची जुनी नोंदवही कोणत्या शाळेकडे गेली, याचा लेखी उल्लेख ठेवावा. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा दाखला देण्यापूर्वी लगतच्या वर्षांच्या वह्या, जुन्या तालुक्याचा अभिलेख कक्ष आणि अर्जदाराचे आजोळ या तिन्ही ठिकाणांचा विचार झाला आहे की नाही, हे पाहावे.

अर्ज घेऊन येणारा माणूस बहुधा एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. त्याच्याजवळ सनद नाही, ताम्रपट नाही. त्याच्या पणज्याचे नाव जगात एकाच ठिकाणी लिहिलेले असण्याचा संभव असतो आणि ते ठिकाण आपल्या कार्यालयातील कपाट असू शकते. त्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याने ती ओळ शोधून द्यावी आणि पुढच्या पिढीसाठी ती सुरक्षित ठेवावी.